भाड्याची जीभ

खर्डा, १८ नोव्हेंबर

रंगनाथ सर,

मायना मुद्दाम गाळला आहे. नववीत पत्रलेखनात मायना चुकला की तुम्ही अर्धा गुण कापायचात, आताही कापा. पण मी ‘आदरणीय’ लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ही पोरगी दिवसभर मांडवात उभी राहून येईल त्याला आदरणीय म्हणते, हिच्या आदरणीयला किंमत ती काय!

मी सुमैरा. मुबारकबीची. तुमच्या शाळेला वक्तृत्वाची ढाल आणून देणारी, आणि नंतर तुमच्याच भाषेत ‘जीभ भाड्यानं देणारी’. जामखेडच्या त्या लग्नात मी माईकवरून आपल्या संस्थेच्या एका संचालकांना शुभाशीर्वादासाठी बोलावत होते, तेव्हा तुम्ही स्टेजजवळ येऊन हे वाक्य बोललात आणि न जेवता निघून गेलात. त्यानंतर तुम्ही फोन उचलला नाही. मीही नंतर लावला नाही. तुमच्याइतकीच हट्टी आहे, तुमच्याच हाताखाली शिकले.

माफी मागायला हे पत्र नाही. मी लग्नं, वाढदिवस, दशक्रिया, शाळांची स्नेहसंमेलनं करते. तुळशीची लग्नं लागली की आमचा हंगाम सुरू होतो, तो उन्हाळ्यापर्यंत दम खाऊ देत नाही. लोक मला ‘निवेदिका सुमैरा’ म्हणून ओळखतात आणि मला त्याची लाज वाटत नाही. भाड्यानं दिलेलं घर विकलेलं नसतं, सर. एवढं त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं.

आता कामाचं.

१४ डिसेंबरला संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचा अमृतमहोत्सव आहे. संस्थेच्या मैदानावर, मंत्र्यांच्या हस्ते. फेटे, तुताऱ्या, जेसीबीतून फुलांचा वर्षाव, सगळं ठरलंय. निवेदन माझ्याकडे आहे. आप्पासाहेबांचे चिरंजीव गोरक्षनाथ, म्हणजे आता संस्थेचे सचिव, यांनी मला वाचून दाखवायच्या शुभेच्छासंदेशांची फाईल दिली. त्यात एक कागद तुमच्या नावाचा निघाला. टाइप केलेला, खाली सही. सही तुमच्यासारखी आहे. ‘सारखी’ म्हणते, ‘तुमची’ म्हणत नाही.

मजकूर असा: ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने सेवेतून मुक्त झालो. त्या काळात माझ्याविषयी व संस्थेविषयी जे काही पसरवण्यात आले, ते निराधार होते. आदरणीय आप्पासाहेब माझ्या पाठीशी सदैव वडीलकीच्या नात्याने उभे राहिले.’

तुम्हाला माहीत असलेलं तुम्हालाच सांगते, कारण हे वाचून मलाच वाटायला लागलं की मी पाहिलं ते स्वप्न होतं का. दहावीची परीक्षा होती आणि तुम्ही केंद्रसंचालक होतात. बीजगणिताच्या पेपरला चिठ्ठ्या वाटल्या जात होत्या, तुम्ही दोन मुलांचे पेपर काढून घेतलेत आणि त्यातला एक संस्थेच्या संचालकांचा पुतण्या निघाला. मग नोटीस तुम्हालाच आली, की चिठ्ठ्या तुम्हीच आत येऊ दिल्यात. सहादेव शिपाई एकटा चौकशीत उभा राहिला. ‘चिठ्ठ्या सरांनी न्हाई, हाफिसातून आल्या, मी डोळ्यांनी पाह्यलं’ म्हणाला. तुम्ही राजीनामा दिलात आणि त्याला काढून टाकलं. तो आता कांद्याचा टेम्पो चालवतो.

मग हे ‘निराधार’ कोणी पसरवलं होतं, सर? त्या सगळ्यात बोलला होता तो एकटा सहादेव.

आमच्या धंद्यात न आलेले संदेशही आम्ही वाचतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. अमक्या साहेबांनी दूरध्वनीवरून शुभेच्छा कळवल्या आहेत, असं म्हटलं की यजमान खूश होतो, साहेबही खूश होतात आणि कुणाचं काही जात नाही. हा कागद तसला वाटत नाही. म्हणून विचारते, हा तुमचा आहे का? नसेल तर ‘नाही’ एवढं एका कार्डावर लिहा. मायना नको.

सुमैरा

---

खर्डा, २९ नोव्हेंबर

सर,

फोन तुमचा आला नाही, तुमच्या मुलीचा, राजनंदिनीचा आला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुमची पत्रं तीच तुम्हाला वाचून दाखवते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी वेगळं लिहिलं असतं, किंवा कदाचित नसतं लिहिलं. माझं पत्र वाचता वाचता ती त्या संदेशापाशी थांबली म्हणे, आणि तुम्ही म्हणालात, ‘पुढं वाच, तो माझाच आहे.’

शिर्डीतल्या तिच्या हॉटेलच्या मागच्या जिन्यावरून बोलत होती बिचारी. पुढं रिसेप्शनला दर्शनाहून आलेल्यांची रांग लागली होती. एम.ए., बी.एड. झालेली पोर खोल्यांच्या चाव्या देते, हे तुम्हाला रोज बघवत नसेल. गोरक्षनाथ शिर्डीला आले, जामखेडच्या नव्या शाखेत मराठीची जागा आहे म्हणाले, आणि जाता जाता कागद पुढं केला. तुम्ही सही केलीत. राजनंदिनीला हे सगळं माझं पत्र वाचल्यावरच तुमच्याकडून कळलं. तिनं मला सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते: “ताई, मला नोकरी पाहिजे, खरंच पाहिजे. पण बाबांचं तोंड बंद करून नको. तुम्ही ते वाचू नका.” आणि लगेच, “बाबा म्हणतात, वाचून टाक म्हणावं.”

म्हणजे मुलगी नको म्हणते आणि बाप वाच म्हणतो. मी कुणाचं ऐकायचं?

खरं सांगू? फोन ठेवल्यावर आधी मला हसू आलं. मला भाड्याची म्हणणाऱ्याला शेवटी भाडेकरू मिळाला, असं मनात आलं आणि बरं वाटलं. मग अम्मी चहा घेऊन आली आणि म्हणाली, “काय गं, डोळं का लाल झाल्यात?” तेव्हा कळलं की बरं वाटलं नव्हतं. मला तुमचा राग आला आहे, सर. लई आला आहे. तुम्ही इतक्या उंचावर बसला होतात की तुमच्यावर रुसायलाही मान वर करावी लागायची. ती जागा तुम्ही सोडलीत आणि मला विचारलंही नाहीत. मुलीसाठी केलंत, हे मला समजतं. मी तुमच्या जागी असते तर कदाचित मीही सही केली असती. पण मला घडवलंत तुम्ही, म्हणून तुमच्याकडून माझी अपेक्षा स्वतःकडून असते त्यापेक्षा जास्त आहे. हे न्यायाचं नाही, ठाऊक आहे.

काल गोरक्षनाथांकडे गेले होते. म्हटलं, हा एक संदेश मी वाचणार नाही. ते खुर्चीतच मागं रेलले.

“सही त्येंची हाय का न्हाई?”

“आहे.”

“मग तुला काय अडचन? तू तर रोज लोकांच्या नावानं संदेश बनवतीस. गेल्या साली आमच्या चुलत्याच्या दहाव्याला तू खासदारांचा शोकसंदेश वाचलास, तो खासदारांनी सपनात धाडला हुता काय?”

ते बोलले ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, त्या संदेशानं खासदारांचं काही गेलं नाही आणि तुमच्या चुलत्यांचंही. या संदेशानं एक माणूस खोटा ठरतो आणि तो मांडवात समोर बसलेला असणार आहे.

“कोन?”

मी नाव सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला.

आणि आता तुम्हाला सगळ्यात कठीण गोष्ट सांगते, तीही राजनंदिनीच्या तोंडून ऐका. परवा बाजारात सहादेव भेटला. टेम्पो थांबवून खाली उतरला. सगळ्या गावाच्या मोबाईलवर कार्यक्रमपत्रिका फिरते आहे आणि तिच्यात ‘रंगनाथ सरांचा विशेष संदेश’ असं छापलं आहे. चेहरा नुसता फुलला होता त्याचा. “सुमैरा, सरांचा संदेश हाय व्हय गं? मग मी त्या दिशी टेम्पो काढत न्हाई. म्होरं बसतो. सर माजं नाव घेत्याल बघ. इतक्या दिसांनी सगळ्यांफुडं घेत्याल.”

मी पिशवी उचलून घरी निघून आले. माईक हातात नसला की मला शब्द सुचत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

तर माझं ठरलं आहे. मी तो कागद वाचणार नाही. कार्यक्रमही सोडणार नाही. मी सोडला तर ते दुसऱ्या कुणाला तरी उभं करतील आणि तो धडाधड वाचून मोकळा होईल. तुम्हाला तुमचा शब्द मागे घ्यायचा असेल तर चौदा तारखेच्या आत घ्या. नाही घेतलात तर मला सुचेल ते मी करीन आणि तुम्हाला कळवीन.

तुमची विद्यार्थिनी (हे मात्र मी कधीच सोडलं नव्हतं)
सुमैरा

---

खर्डा, ९ डिसेंबर

सर,

दोन ओळी. तुमचं उत्तर नाही.

काल गोरक्षनाथ घरी आले. आमच्या घरी! अम्मीनं घाईघाईत चादर बदलली. संस्थेच्या सगळ्या शाखांचे कार्यक्रम वर्षभर मलाच देतो म्हणाले, ओळखपत्रावर ‘अधिकृत निवेदिका’ छापून. अम्मीनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, “तुझ्या सरानं तुला लाकडाच्या पेटीवर उभी करून बोलायला शिकवलं. तवा तुझं डोकं टेबलाच्या वर बी येत नव्हतं. आता काय बोलायचं त्ये तूच ठरीव.”

ती पेटी आठवते का? खडूंची होती. एकदा मी पाठ केलेलं भाषण मध्येच विसरले आणि दुसऱ्या मुलीच्या भाषणातला परिच्छेद ठोकून दिला. टाळ्या मिळाल्या. तुम्ही मला पेटीवरून खाली उतरवलंत आणि म्हणालात, विसरलीस तर गप्प उभी राहा. गप्प उभं राहणंही बोलणंच असतं, ते जमलं तर पुढचं सगळं जमेल.

मला ते आजवर जमलेलं नाही. माझ्या धंद्यात गप्प राहणारी निवेदिका कोण बोलावणार!

सुमैरा

---

खर्डा, १६ डिसेंबर

सर,

झालं. सगळं सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकायला नको.

मंत्री उशिरा येणार हे गृहीतच होतं. अशा वेळी मांडव धरून ठेवायचं काम माझं. मी शाळेचा इतिहास सांगितला, आप्पासाहेबांनी माळरानावर पहिली खोली कशी बांधली ते सांगितलं. ते खरं आहे आणि मी ते मनापासून सांगितलं. गंमत म्हणजे तुम्हीच ते आम्हाला वर्गात सांगायचात, स्वतः दगड उचलणारा अध्यक्ष म्हणून. मग संदेश सुरू केले. कारखान्याचा, बँकेचा, पुण्याच्या माजी विद्यार्थ्यांचा. सहादेव तिसऱ्या रांगेत होता, इस्त्रीची टोपी घालून. बायकोलाही आणलं होतं. प्रत्येक संदेशाच्या वेळी थोडा पुढं सरकायचा.

खालून गोरक्षनाथांनी हातानं खूण केली. आता सरांचा.

मी कागद उचलला आणि म्हटलं, “माझ्या हातात रंगनाथ सरांच्या सहीचा कागद आहे. या मैदानावर बसलेल्या निम्म्या लोकांना सरांनी शिकवलंय, मलाही शिकवलंय. सरांचं बोलणं मी माझ्या तोंडानं सांगणार नाही, माझी तेवढी लायकी नाही. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी सरांना बोलवावं. सर शिर्डीला असतात आणि शिर्डीला जायला एसटी आहे.” लोक हसले. मला हसवायचंच होतं, हसणाऱ्या लोकांसमोर कुणाला माईक हिसकावता येत नाही. “हा कागद ज्यांच्यासाठी आहे, ते सत्कारमूर्ती समोर बसलेत. त्यांचा संदेश मी त्यांच्याच हातात देते.”

आणि चालत जाऊन कागद आप्पासाहेबांच्या हातात ठेवला.

गोरक्षनाथ उठून उभे राहिले होते. आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं न बघताच हातानं खाली बसवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाचायला लागले. माझ्या हातात माईक चालू होता आणि सगळा मांडव माझ्याकडं बघत होता, आता ही काहीतरी बोलणार म्हणून. शेरोशायरी तयार होती, दोन विनोद तयार होते. मी गप्प उभी राहिले, सर. ते वाचून होईपर्यंत. 

त्यांनी कागदाची घडी केली, कोटाच्या खिशात घातली आणि मला म्हणाले, “फुडं चालू द्या.” तेवढ्यात मंत्र्यांच्या गाडीचा सायरन वाजला आणि जेसीबीवाल्यानं घाईत फुलं मंत्र्यांच्या ऐवजी तुतारीवाल्यांवर ओतली. त्या गोंधळात लोक संदेश विसरले. आप्पासाहेबांच्या भाषणात तुमचं नाव आलं नाही. चांगलं नाही आणि वाईटही नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला मंडपामागं बोलावलं. खुर्चीत एकटेच बसले होते, फेटा मांडीवर. गोरक्षनाथांनाही लांब उभं केलं होतं.

“पोरी, ह्ये वाचलं का न्हाईस?”

मी म्हटलं, “सरांचं वाटलं नाही.”

“सही त्येंचीच हाय.” मांडीवरचा फेटा बाजूला ठेवून म्हणाले, “पर बोलनं आमचं हाय. आमच्याच हाफिसात लिवलेलं मला कळत न्हाई व्हय? पंच्याहत्तर वर्सं झाली, लोक माज्या तोंडावर माजंच मला वाचून दाखवत्यात. त्या मानसानं मला शिव्या घातल्या असत्या आन् तू त्या माईकवर वाचल्या असत्यास, तरी मी ऐकून घेतलं असतं. निदान दुसऱ्याचा आवाज तरी कानावर पडला असता.”

मी म्हटलं, “मग सहादेवाला परत कामावर घ्या.”

कुठून धाडस आलं कुणास ठाऊक. ते ‘घेतो’ म्हणाले नाहीत, ‘न्हाई’ही म्हणाले नाहीत. राजकारणात मुरलेला माणूस, एका दुपारी साधू होईल अशी माझी अपेक्षाही नव्हती. खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “ज्येचा त्येला दे.”

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या आधीच ठरलेल्या दोन स्नेहसंमेलनांतून माझं नाव गेलं. ओळखपत्राचंही राहिलं. जाऊ दे. उन्हाळ्यापर्यंत माझी डायरी भरलेली आहे, आणि कालच एकानं फोन करून सांगितलं, ‘तुम्ही त्या दिवशी मंत्र्यांआधी बोललात ते आवडलं, आमच्या घरी बारसं आहे.’ बारशाला काय बोलायचं असतं, देव जाणे. मी हो म्हटलं.

राजनंदिनीच्या नेमणुकीची ऑर्डर येईल असं मला वाटत नाही. तिला तसं सरळ सांगितलं. ती मग म्हणाली, “ताई, तुमच्याबरोबर एखाद्या लग्नात माईक धरायला येऊ का? सुट्टीच्या दिवशी.” तेव्हा सर, तुमच्या घरातही एक जीभ भाड्यानं जाणार आहे, तयारी ठेवा. चांगला आवाज आहे तिचा. तुमच्यावर गेला आहे. पुढच्या रविवारी राहात्याला लग्न आहे, तिला बरोबर घेते. परतताना तुमच्याकडं येईन. जेवायला थांबेन. तुम्ही त्या लग्नात जेवला नव्हतात, मी तसं करणार नाही.

सहादेवाचं राहिलं. मांडव रिकामा होत होता तेव्हा तो टोपी हातात घेऊन आला. “सरांनी माजं नाव घेतलं न्हाई व्हय?” मी म्हटलं, “मी वाचलंच नाही, सहादेवभाऊ.” त्यानं जरा विचार केला. बायकोकडं बघितलं. मग मान हलवून म्हणाला, “मग बरं हाय की. म्हंजी अजून घ्यायचं राह्यलंय.”

त्याला हे इतकं साधं वाटलं, सर. तुम्ही विसरला असाल किंवा खोटं लिहिलं असेल, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या हिशेबी तुम्हाला फक्त उशीर झाला आहे.

सोबत तुमचा कागद परत पाठवते. आप्पासाहेबांच्या खिशात चुरगळला आहे, पण फाटलेला नाही. आणि राजनंदिनी, हे तू वाचत असशील तर इथं थांब आणि कागद बाबांच्या हातात दे, त्यांना बोटानं चाचपू दे.

सर, त्याची मागची बाजू कोरी आहे. रविवारपर्यंत तिच्यावर तुम्हाला हवं ते सांगा, राजनंदिनी लिहून घेईल. मला शिव्या घातल्यात तरी चालेल. सहादेवाचं नाव तेवढं घाला. ते मात्र मी माईकवर वाचीन, फुकट.

तुमची
सुमैरा